सत्तेचाळिसाव्या वर्षी रीजनल एअरलाइनच्या ट्रेनिंगला जाताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४७. वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग नोकरी सोडून अमेरिकेतच एकेक लायसन्स घेतलं, इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवत १५०० तास भरले. आता एका रीजनल (मोठ्या कंपन्यांसाठी छोट्या मार्गांवर उडणाऱ्या) एअरलाइनकडून ई-१७५ या एम्ब्रेअरच्या छोट्या प्रवासी जेटसाठी क्लासची तारीख मिळाली आहे आणि हातात आठ आठवडे आहेत. चाळिशीपुढचे लोक या ट्रेनिंगमध्ये गळतात असं कुणीतरी सांगितल्यापासून झोप उडाली आहे. डोकं खरंच मंदावतं का, या आठ आठवड्यांत काय करावं, पायलटच्या निवृत्तीची पासष्टीची मर्यादा पाहता हे सगळं परवडतं का, आणि वयाची धास्ती इन्स्ट्रक्टरच्या कानावर आधीच घालावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी एका रीजनल कंपनीत कॅप्टन आहे आणि बरीच वर्षं सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) नव्या लोकांना शिकवतोय. माझा अनुभव ई-१७५ चा. सीआरजे या दुसऱ्या रीजनल जेटवर जाणाऱ्यांनी थोडा फरक धरून वाचावं, कारण तिथं ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही आणि हाताला एक काम जास्त असतं. शिवाय तुम्ही गेल्या वर्षभरात स्वतः किती इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (बाहेर न बघता उपकरणांवरून उडवणं) केलंय, सिम पार्टनर कोण मिळतो आणि घर ट्रेनिंग सेंटरपासून किती लांब आहे, यावर बरंच अवलंबून आहे. यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून मी सर्वसाधारण उत्तर देतो.

माझ्यासमोर जे चाळिशी-पन्नाशीचे लोक अडखळले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांची अडचण बुद्धीची होती. बहुतेक जण नको तितके हुशार होते. अडचण अशी की ते वीस-पंचवीस वर्षं समजून घेण्याचा पगार घेत आले होते, आणि इथले पहिले काही आठवडे पाठांतराचे असतात. सात आठे छप्पन्न का, हे आपण शाळेत कुणाला विचारलं नव्हतं. म्हटलं आणि पाठ झालं. लिमिटेशन्स (विमानाच्या मर्यादांचे आकडे), मेमरी आयटम्स (आणीबाणीत न वाचता करायच्या कृती), फ्लो (स्विचवरून ठरलेल्या क्रमानं हात फिरवणं), कॉलआउट (ठरलेल्या वेळी मोठ्यानं म्हणायचे शब्द) हा सगळा मामला तसाच आहे. चोवीस वर्षांचा मुलगा नुकताच कॉलेजातून आलेला असतो, त्याला घोकंपट्टीचं काही वाटत नाही. तुमच्यासारख्या माणसाला ती कमीपणाची वाटते, आणि नकळत तो ती टाळतो.

एक नेहमीचं उदाहरण देतो. उद्या सकाळी कॉकपिट सेटअपचा फ्लो करून दाखवायचा आहे. रात्री अभ्यासाला बसल्यावर लक्षात येतं की ई-१७५ मध्ये शेपटीवरचे एलिव्हेटर आणि रडर फ्लाय-बाय-वायर आहेत, म्हणजे विजेच्या संकेतांवर चालतात, पण पंखांवरचे एलरॉन मात्र केबलनं चालतात, पुढे हायड्रॉलिक. इंजिनिअर माणूस इथं थांबतो. असं का केलं असेल? मग तो मॅन्युअलचा फ्लाइट कंट्रोलचा अख्खा भाग वाचून काढतो, दोन तास मजेत जातात, आणि सकाळी डोक्यावरच्या ओव्हरहेड पॅनलसमोर हात हवेत राहतो. त्याला एलरॉनबद्दल कुणी काही विचारतच नाही. सिस्टिम्स समजून घ्यायला पुढं आख्खी कारकीर्द पडली आहे. तेव्हा तुमची ही आवड तुम्हाला चांगला कॅप्टन करील. पहिल्या महिन्यात ती बाजूला ठेवावी लागते, इतकंच.

आता डोकं मंदावण्याबद्दल. नव्या गोष्टी पाठ व्हायला वयानुसार वेळ जास्त लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००७ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या पायलटांचा सिम्युलेटरवर तीन वर्षं केलेला अभ्यास आला होता. ज्यांच्याकडे जास्त रेटिंग्ज होती, म्हणजे ज्यांचं कसब वरचं होतं, त्यांची कामगिरी मुळात चांगली होती आणि कालांतरानं घसरलीही कमी. लोक हा अभ्यास दिलासा म्हणून एकमेकांना पाठवतात. पण तो आधीपासून उडवणाऱ्यांचा आहे, नव्यानं जेट शिकणाऱ्यांचा नाही. तुमच्या उपयोगाचं त्यातून एवढंच घ्या, की मुरलेलं कसब टिकतं. म्हणजे ते मुरवायला लवकर सुरुवात करा. तरुण मुलगा जे तीन रात्रींत करतो त्याला तुम्हाला आठ लागतील असं धरून चाला, आणि त्या आठ रात्री आत्ता, क्लासच्या आधी, काढा. ट्रेनिंग सुरू झाल्यावर त्या मिळत नाहीत.

ट्रेनिंगचा आकार साधारण असा असतो. आधी इन्डॉक: कंपनीचे नियम, ड्युटी आणि विश्रांतीचे नियम, सुरक्षा, धोकादायक माल. मग सिस्टिम्स, मग न हलणाऱ्या ट्रेनरमध्ये फ्लो आणि चेकलिस्ट, मग फुल-मोशन सिम. शेवटी मनुव्हर्सची, म्हणजे ठरावीक कसरतींची, परीक्षा आणि त्यानंतर एलओई, म्हणजे नेहमीच्या फ्लाइटसारखी एक पूर्ण फ्लाइट, मध्ये काहीतरी बिघडवून. सगळं मिळून दोन-तीन महिने. त्यानंतर प्रवासी बसलेल्या विमानात चेक एअरमनबरोबर (तपासणाऱ्या कॅप्टनबरोबर) ओई, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांचा अनुभव, सुरू होतं. यात सगळ्यात जास्त लोक कुठं अडकतात? सिमच्या पहिल्या तीन-चार सत्रांत, आणि तेही फ्लो हातात नसल्यामुळे. ज्याला फ्लो आठवावा लागतो त्याचं लक्ष विमानावर राहत नाही. पुढच्या सत्रात नवं काही येतं, मागचं तसंच राहिलेलं असतं, आणि उधारी वाढत जाते.

म्हणून आठ आठवड्यांचं काम सांगतो.

क्लासची तारीख दिल्यावर पुष्कळ कंपन्या लिमिटेशन्स, मेमरी आयटम्स आणि फ्लो आधीच पाठवतात. पाठवले नसतील तर भरतीवाल्यांना मेल करून मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त एक पथ्य पाळा: दुसऱ्या कंपनीचे फ्लो इंटरनेटवरून उतरवून पाठ करू नका. विमान एकच असलं तरी प्रत्येक कंपनीचा क्रम आणि कॉलआउटचे शब्द वेगळे असतात, आणि चुकीचं पाठ झालेलं पुसायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त त्रास होतो. आपल्या वयात तर फारच. लिमिटेशन्सचं तसं नाही. कमाल उंची ४१,००० फूट ही कुठल्याही कंपनीत ४१,०००च राहते. कंपनीचे कागद येईपर्यंत आकड्यांवर हात साफ करा.

फ्लो पाठ करायची पद्धत डोळ्यांनी वाचण्याची नाही. कॉकपिटचं पोस्टर खऱ्या आकारात छापून भिंतीवर लावा, समोर खुर्ची घ्या आणि हात त्या त्या स्विचपर्यंत नेत मोठ्यानं बोला. घरचे हसतील, हसू द्या. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं हे एका बैठकीतल्या दोन तासांपेक्षा पक्कं बसतं. थोडं जमायला लागलं की मध्येच घरातल्या कुणालाही काहीतरी विचारायला सांगा, उत्तर द्या आणि जिथं तुटलं तिथून पुढं चालू करा. खऱ्या कॉकपिटमध्ये फ्लो सलग कधी होतच नाही. फ्यूएलवाला येतो, गेट एजंट येते, फ्लाइट अटेंडंटला काहीतरी हवं असतं.

दुसरं काम तुमच्या सध्याच्या नोकरीतलं आहे आणि ते बहुतेक इन्स्ट्रक्टर विसरतात. तुमचे १५०० तास कसे भरले ते आठवा. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअर या रीजनल कंपनीचं फ्लाइट ३४०७ पडलं, त्यानंतर काँग्रेसनं कायदा केला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही (सहवैमानिकालाही) एटीपी हे एअरलाइन पायलटचं लायसन्स सक्तीचं झालं. एरवी १५०० तास, कॉलेजमार्गे किंवा सैन्यातून आलेल्यांना काही सवलत. गंमत अशी, की त्या विमानातल्या दोन्ही पायलटांकडे १५०० पेक्षा जास्त तास होते. तासांचा आकडा आणि तासांत काय केलं, यात फरक असतो. इन्स्ट्रक्टरचे बरेचसे तास दुसऱ्याला उडवताना बघण्यात जातात. स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून सतत फिरणारी नजर, मंदावतो आणि ते स्वतःला कळत नाही, कारण दुसऱ्याच्या चुका तर झटकन दिसत असतात. तेव्हा या आठ आठवड्यांत इन्स्ट्रुमेंटचे विद्यार्थी जास्त घ्या, आणि प्रत्येक वेळी एक अप्रोच (उपकरणांवरून धावपट्टीकडे उतरणं) स्वतः करा, ऑटोपायलट न लावता. आयएलएस (रेडिओ संकेतांवरून उतरणं), होल्डिंग (हवेत घिरट्या घालत थांबणं), मिस्ड अप्रोच (न उतरता परत वर जाणं). ज्याचा मूळ स्कॅन शाबूत आहे त्याला जेट शिकवणं सोपं जातं. ज्याला एकाच वेळी जेटही शिकायचंय आणि स्कॅनही परत आणायचाय, त्याला शिकवताना आम्हालाही घाम फुटतो.

वेगाबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘सगळं फार पटापट होईल याची भीती वाटते’. हिशोबच करू. सेस्ना १७२ हे छोटं ट्रेनिंगचं विमान फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, ६५ नॉटनं (ताशी सागरी मैल) आलं तर पाच मैल कापायला साडेचार मिनिटांहून जरा जास्त लागतात. ई-१७५ मध्ये वजनाप्रमाणे १२५ ते १३५ नॉट असतो, म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आसपास. निम्मा वेळ. यावर नवी मंडळी उपाय करतात तो हात जलद चालवण्याचा, आणि तिथंच घसरतात. लाइनवरचे जुने कॅप्टन पाहा, त्यांचे हात अगदी सावकाश चालतात. त्यांनी ब्रीफिंग, एफएमएस (मार्गाची माहिती भरायचा संगणक), लँडिंगचा डेटा हे सगळं खाली उतरायला लागण्याआधीच उरकलेलं असतं. दर हजार फुटांना तीन मैल हा हिशोब तुम्ही सेस्नातही मनातल्या मनात करू शकता. आजपासून प्रत्येक उड्डाणात करा: आत्ता किती उंचीवर आहे, किती मैल उरले, उंच आहे की खाली. आकडे वेगळे असले तरी सवय तीच.

आणि एक जागा अशी आहे जिथं वय तुमच्या बाजूनं असतं. व्ही-वन कट, म्हणजे टेकऑफच्या निर्णायक वेगाला एक इंजिन बंद. सिममध्ये याचीच सगळ्यांना धास्ती. तिथं खरं काम आहे रडरनं नाक सरळ ठेवणं, वेळेवर रोटेट करणं (नाक उचलणं), चढ दिसला की गिअर (चाकं) वर, आणि मग ४०० फुटांपर्यंत हात आवरून विमान नुसतं उडवणं. तरुण पोरांना हे हात आवरणंच जमत नाही. बंद इंजिन कुठलं ते ओळखून चेकलिस्ट मागायची त्यांना घाई झालेली असते. ज्या माणसानं रात्री दोन वाजता पडलेले सर्व्हर शांत डोक्यानं उभे केलेत, त्याला थांबणं माहीत असतं.

सिम पार्टनर बहुधा तुमच्या मुलापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल, आणि लाइनवर गेल्यावर कॅप्टन तिशीचाही भेटेल. इथं दोन टोकं दिसतात. काही जण मोठेपणा घेऊन पार्टनरला शिकवायला लागतात, तर काही जण इतके दबतात की चूक दिसली तरी बोलत नाहीत. दुसरं जास्त धोक्याचं आहे. उजव्या सीटवरच्या माणसानं, म्हणजे फर्स्ट ऑफिसरनं, बोललंच पाहिजे, त्याचे पैसे त्यासाठीच मिळतात. पार्टनरबरोबर रोज संध्याकाळी तासभर खुर्च्या मांडून बसा. त्याला पाठांतर येतं, तुम्हाला हवामान आणि माणसं कळतात. देवाणघेवाण छान जमते.

डिब्रीफमध्ये, म्हणजे सत्रानंतरच्या चर्चेत, मात्र सांभाळा. सिमचं सत्र चार तासांचं, आधी-नंतर बसणं वेगळं. इन्स्ट्रक्टर म्हणाला की पाचशे फुटांवर वेग जास्त होता, तर उत्तर ‘बरोबर’ एवढंच. जुन्या नोकरीत मीटिंगमध्ये कारणमीमांसा देण्याची सवय असते: वारा असा होता, कॉल उशिरा आला, मला वाटलं की. हे ऐकताना मी मनात लिहून घेतो की या माणसाला पुढच्या वेळी हीच गोष्ट परत सांगावी लागणार. कारण विचारलं तरच सांगा.

चष्मा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर जवळचं वाचण्याचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो, आणि ओव्हरहेड पॅनल असतं डोक्यावर. मान मागे टाकून, हनुवटी वर करून लोक स्विचवरची अक्षरं शोधतात. फ्लो तिथंच तुटतो आणि दोष स्मरणशक्तीला जातो. वरच्या बाजूलाही जवळचा नंबर असलेली भिंगं मिळतात. डोळ्यांच्या डॉक्टरला पोस्टर दाखवा आणि अंतरं मोजून सांगा. फर्स्ट क्लास मेडिकलमध्ये (एअरलाइन पायलटच्या वैद्यकीय तपासणीत) पन्नाशीनंतर सोळा इंचांबरोबर बत्तीस इंचांवरची नजरही तपासतात, तेव्हा हे काम आज ना उद्या करायचंच आहे. मेडिकल चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी, ईसीजी वर्षातून एकदा. रक्तदाब, साखर, झोपेत घोरणं याबद्दल काही शंका असेल तर ती एएमईकडे (ही तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडे) फॉर्म भरायच्या आधी स्वतःच्या डॉक्टरकडे निस्तरा. दीर्घकालीन अपंगत्वाचा विमा कंपनी देते का, किती देते, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. तिशीतल्या मुलानं नाही विचारलं तर चालतं.

झोपेचं वेळापत्रक हाही वयाचा खरा मुद्दा आहे. सिमचा स्लॉट पहाटे चारचा असू शकतो, नाहीतर रात्री दहाचा. विशीत हे चालून जातं. तुम्ही हॉटेलातली दुपार आधीच ठरवून झोपेला द्या, आणि त्या काळात घरच्या फोनना वेळ बांधून द्या.

आता पैसे आणि पासष्टी. अमेरिकेत एअरलाइन पायलटची मर्यादा डिसेंबर २००७ मध्ये साठावरून पासष्ट झाली. ती सदुसष्ट करायचा प्रयत्न २०२४ च्या एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक खातं) कायद्याच्या वेळी झाला आणि बारगळला. म्हणजे तुमच्याकडे अठरा वर्षं आहेत. कॅप्टन व्हायला एअरलाइनचेच, म्हणजे एअरलाइनना लागू असलेल्या पार्ट १२१ या नियमांखालचे, हजार तास लागतात. रिझर्व्हवर, म्हणजे ठरलेल्या फ्लाइट्सऐवजी बोलावणं येईल तेव्हा जाण्याच्या ड्युटीवर, तास किती मिळतात त्यावर दोन ते तीन वर्षं धरा. पन्नाशीला डावी, म्हणजे कॅप्टनची, सीट शक्य आहे. खरा निर्णय त्यानंतरचा. मोठ्या कंपनीत गेलात तर सीनिऑरिटी (कंपनीत आल्याच्या तारखेवरून ठरणारा क्रम) पुन्हा शून्यापासून, परत रिझर्व्ह, परत नकोसा बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते तो विमानतळ. काही जण तेरा-चौदा वर्षांसाठीही जातात, कारण पगाराचा फरक मोठा असतो. काही जण रीजनलमध्येच सीनिअर कॅप्टन म्हणून राहतात, सण-सुट्ट्या घरी काढतात आणि सुखात असतात. मला दुसरा पर्याय लोक समजतात तितका वाईट वाटत नाही, विशेषतः बेस घराजवळ असेल तर.

सुरुवातीचा पगार आता पूर्वीसारखा लाजिरवाणा राहिलेला नाही. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तिन्ही रीजनल कंपन्यांनी पहिल्या वर्षाचा दर ताशी ९० डॉलरवर नेला आणि बाकीच्यांनाही हलावं लागलं. पण हे तास पगाराचे; महिन्याची हमी पंचाहत्तर तासांच्या आसपास असते. सॉफ्टवेअरच्या पगाराशी तुलना करायची असेल तर ती आत्ताच करा आणि घरी दाखवा. क्लासची तारीख मात्र पुढं ढकलू नका. एका महिन्यानं मागं पडलात तर त्या महिन्यात आलेले सगळे तुमच्या निवृत्तीपर्यंत पुढं राहतात. बऱ्याच कंपन्यांत एकाच क्लासमधला क्रम वयावर ठरतो, मोठा माणूस आधी. सत्तेचाळिशीचा एवढा फायदा हक्कानं घ्या.

घरच्यांशी बोलायचं ते पगाराइतकंच रिझर्व्हबद्दल बोला. शॉर्ट कॉल म्हणजे फोन आला की साधारण दोन तासांत विमानतळावर. मुलांचा कार्यक्रम असो की आणखी काही. आणि आपल्यासारख्यांच्या घरी आणखी एक विषय असतो: आई-वडील भारतात, वय झालेलं. ट्रेनिंगच्या दोन-तीन महिन्यांत अचानक जावं लागलं तर क्लास सुटतो, पुढच्या क्लासमध्ये घालतील की नाही हे कंपनीवर, आणि पहिलं वर्ष प्रोबेशनचं. तिकडं कुणी असेल, भाऊ, बहीण, शेजारी, तर त्यांच्याशी आत्ताच ठरवा की पहिल्या चोवीस तासांत कोण धावणार. हे मनातून निकाली निघालेला माणूस सिममध्ये वेगळाच दिसतो.

शेवटी, वयाची धास्ती इन्स्ट्रक्टरला सांगावी का. माझं उत्तर: नको. ‘मी ४७ चा आहे, मला वेळ लागेल’ हे ऐकून मला काही करता येत नाही. उलट ‘ऑटोपायलट लावल्यावर एफएमए (तो कुठल्या मोडमध्ये आहे ते दाखवणारी पट्टी) वाचायचं राहून जातं’ किंवा ‘दुसऱ्या इंजिनच्या स्टार्टला माझा क्रम चुकतो’ असं सांगितलंत तर पुढच्या सत्राआधी दहा मिनिटं तुमच्याबरोबर रिकाम्या ट्रेनरमध्ये बसता येतं. आणि हे दुसऱ्या सत्रानंतर सांगा, सहाव्यानंतर नाही. जादा सत्र मागणं रेकॉर्डवर नापास म्हणून चढत नाही. परीक्षेत नापास झालेलं मात्र पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये जातं आणि पुढची प्रत्येक कंपनी ते वाचते. युनियन असेल तर तिची ट्रेनिंग कमिटीही असते, तिचा नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये घालून ठेवा.